ताळु म्हणजे टाळू

गंगाधररावांचा राग म्हैसूरच्या बन्नीमंटपात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे आणि आपल्या तापटपणाचं खापर सरळ त्या पणजोबांच्या माथी फोडायचे. "रक्तच तसलं आहे, काय करायचं सांगा!" यावर त्यांची बायको भवानीबाई जागेवरून न हलता म्हणायची, "पणजोबांकडं घोडा तरी होता हो. तुमच्याकडं तीन चाकं आहेत, तेवढंच."

ती तीन चाकं म्हणजे गंगाधररावांची शाळेची ऑटो. सव्वीस वर्षं कुवेंपुनगरातली पोरं ते शाळेत नेत आणि आणत होते. मागच्या सीटवर चौघं, समोरच्या फळीवर तिघं, आणि गंगाधररावांच्या पाठीला टेकून एक. दप्तरं बाहेर हुकांना, पाण्याच्या बाटल्या आत गळ्यात. शिव्या देण्याची त्यांची शिस्त होती: दुचाकीवाला आडवा आला की कन्नडमध्ये, पोलिसानं शिट्टी मारली की मनातल्या मनात हिंदीत, आणि ऑटो बंद पडली की शुद्ध घरच्या मराठीत. पोरं त्यांना रावमामा म्हणायची. एकदा रावमामा ओरडले की आठही पोरं चिडीचूप. गंगाधररावांना त्याचा फार अभिमान होता. "शाळेत टीचरला जमत नाही ते मी एका हाकेत करतो," असं ते सांगायचे. आता खोटं कशाला बोला, जमायचंही त्यांना.

मग जूनमध्ये श्रीनिधी आला.

पाच वर्षांचा पोरगा, काडीसारखे हातपाय, मोठे डोळे. बाप मस्कतला नोकरीला. आई अंबुजा येलवालच्या एका कारखान्यात ऑफिसमध्ये कामाला. तिची कंपनीची बस पावणेआठला यायची, म्हणजे मुलाला शाळेत सोडून बस पकडणं काही केल्या जमेना. घरी सासू होती, पण गुडघ्यांनी गांजलेली, तिला जिनाही उतरवत नव्हता. अंबुजा पहिल्याच दिवशी म्हणाली, "रावमामा, तुमच्यापासून काय लपवायचं. याआधी दोन ऑटोवाल्यांनी याला काढून टाकलंय. हा मारतो. कधी चावतो. तुम्हीपण नाही म्हणालात तर मला नोकरी सोडावी लागेल."

गंगाधरराव छाती फुगवून म्हणाले, "अम्मा, मी घोडदळाच्या घरातला. असली किती पोरं सरळ केली!"

चौथ्या दिवशी श्रीनिधीनं हयग्रीवला बाटली मारली. सहाव्या दिवशी यशस्विनीची वेणी अशी ओढली की तिची रिबन हातात आली. गंगाधरराव ओरडले. बाकीची सात पोरं गप्प झाली, आणि श्रीनिधी दुप्पट जोरानं किंचाळायला लागला. हे त्यांना नवीन होतं. त्यांनी आणखी आवाज चढवला, तसा तो फळीवर लाथा मारायला लागला. पंधराव्या दिवशी त्यानं वर्षिणीच्या दंडाला चावा घेतला.

वर्षिणीचे वडील प्राणेश बँकेत अधिकारी. आवाज कधी चढवणार नाहीत, पण बोलले की शब्द मागं घेणार नाहीत. त्यांनी आणखी चार घरांशी बोलून ठरवलं आणि गंगाधररावांना दारात उभं करून सांगितलं, "राव, त्या मुलाबद्दल मला राग नाही. पण पुन्हा एकदा असं झालं, तर एक तर तो उतरेल, नाही तर आमची पाचही मुलं उतरतील. तुम्हीच ठरवा." पाच मुलं उतरली तर ऑटो बंदच करावी लागणार, आणि तो उतरला तर अंबुजाची नोकरी जाणार. म्हणजे ठरवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

आणि मग ती गंमत घडली.

दुसऱ्याच दिवशी फळीवर पेन्सिलीवरून जुंपली. श्रीनिधीची मूठ वर गेली. आरशात ते बघून गंगाधरराव खेकसले, "ए! ताळु! ताळु!" ताळु म्हणजे कन्नडमध्ये थांब, दम धर. म्हैसूरच्या मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द सहज येतो. पण श्रीनिधीनं काय करावं? वर गेलेली मूठ त्यानं उघडली आणि तो हात सरळ आपल्या डोक्याच्या मधोमध ठेवला. तसाच बसून राहिला, गोंधळून, रावमामांकडं बघत. मारायचं राहूनच गेलं.

गंगाधररावांनी ऑटो कडेला घेतली. "काय रे, डोक्यावर हात का?"

"तुमीच म्हतलं ना," श्रीनिधी म्हणाला. "ताळू."

हा पोरगा ट ला त म्हणायचा. ऑटोला ऑतो, टोपीला तोपी. संध्याकाळी त्याला घरी सोडताना उलगडा झाला. त्याची आजी दर रविवारी त्याच्या डोक्याला तेल चोळायची आणि म्हणायची, "टाळू भरायची आहे अजून माझ्या बाळाची, म्हणून दांडगाई करतं." टाळू तर त्याची कधीच भरली होती, पण आज्यांना कोण सांगणार. तर पोराच्या हिशेबी टाळू म्हणजे ताळू, आणि रावमामा ओरडत होते ते आपल्या टाळूबद्दलच! कन्नड घरातल्या पोरानं ताळुचा अर्थ थांब असाच घेतला असता आणि पुण्याच्या पोराला शब्दच कळला नसता. ही चूक करावी तर म्हैसूरच्या मराठी पोरानंच. अंबुजा हसून हसून जिन्यावर बसली. जूनपासून गंगाधररावांनी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या दिवशी त्यांनी ऑटोत जाहीर केलं, "मी ताळु म्हटलं की सगळ्यांनी डोक्यावर हात. जो शेवटी ठेवेल तो घोडा!" पोरांना काय, खेळच हवा असतो. सिग्नलला ताळु, शाळेच्या फाटकाशी ताळु. आठवड्याभरात पोरांना ते सोपं झालं, तेव्हा यशस्विनीनंच नियम बदलला: मामा ताळु म्हणाले तर हात खाली, आणि घोडा म्हणाले तर डोक्यावर. उलटंच! सगळ्यांचे हात चुकीच्या बाजूला धावायचे आणि अर्ध्या वाटेत थांबायचे. श्रीनिधी तर जीभ दातांत धरून असा बसायचा, जणू बोर्डाची परीक्षाच.

हे सगळं बघत होती मधुमिता, हयग्रीवची आई. ही नाशिकची, लग्नानंतर म्हैसूरला आलेली. कॉलेजात मुलांच्या वाढीचा विषय शिकवायची. एके शनिवारी दुपारी हयग्रीवला उतरवून घेताना ती म्हणाली, "रावमामा, तुम्ही हा खेळ कुठं शिकलात? आम्ही मुलांची पाहणी करताना जवळजवळ असाच खेळ घेतो."

"शिकतोय कुठं! चुकून सापडला. पण अम्मा, एक सांगा. एवढंसं पोरगं, मारू नको म्हटलेलं त्याला कळतं. परवा मलाच सांगत होता, मारणं वाईट म्हणून. आणि दोन मिनिटांत मारलं! असं का?"

"कळणं वेगळं आणि स्वतःला आवरता येणं वेगळं, मामा." तिनं आपल्या कपाळावर बोट ठेवलं. "याच्या मागं मेंदूचा जो भाग असतो ना, तो सांगतो, थांब, आधी विचार कर. राग आणि भीती जन्मापासून तयार असतात. हा थांबवणारा भाग मात्र सावकाश पिकतो. तीन ते सात या वयात तो बरीच मजल मारतो, पण पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते. कुणाचा जरा आधी, कुणाचा उशिरा. श्रीनिधी मुद्दाम नाही करत. त्याला अजून येत नाही."

"विशी उलटून? मग माझी अठ्ठावन्न उलटली, त्याचं काय?"

मधुमिता हसली. "त्याला सराव लागतो. आणि लहानपणी कुणीतरी जवळ शांत बसावं लागतं. मुलाला एकट्यानं शांत होता येत नाही, मामा. आधी मोठ्यांचं बघून, त्यांच्याजवळ बसून होतं ते."

"पण मी ओरडलो की होतात की सगळी शांत!"

"गप्प होतात," मधुमिता म्हणाली. "शांत नाही होत."

ती सहज बोलून आत गेली. गंगाधररावांना मात्र ते लागलं. घरी जाईपर्यंत त्यांनी एकालाही शिवी दिली नाही. जेवताना भवानीबाईनं दोनदा विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का. त्यांना आपला रघु आठवत होता. सहा वर्षांचा असताना त्यानं शेजारच्यांची काच फोडली होती, आणि गंगाधररावांनी दिलेल्या थपडेनं तो जो गप्प झाला तो झालाच. लोक म्हणायचे, काय वळण आहे बघा मुलाला! आज रघु चौतीस वर्षांचा, हुबळीला असतो, चांगला कमावतो. पण बाप नुसता खाकरला तरी त्याचे खांदे ताठ होतात. हे त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही. त्याला ते आदर समजत होते.

"भवानी," ते म्हणाले, "रघु मला भितो काय गं?"

भवानीबाई वाढता वाढता थांबली. "आत्ता कळलं?" एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी गंगाधररावांना फार वाईट वाटलं, आणि कुणावर ओरडून ते घालवता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी श्रीनिधीची जागा बदलली. फळीवरून काढून आपल्या पाठीला टेकून बसवलं. पोराचा श्वास फुलला की पाठीला कळायचं. मग ते हळू आवाजात बोलायचे, "काय झालं रे? राग आलाय? येऊ दे. पुढचा सिग्नल लाल आहे का बघून सांग." आपण हळू बोललो की पोरगं हळू होतं, आपण चढलो की चढतं, हे त्यांना पंधरा दिवसांत कळून चुकलं. कळलं म्हणून जमत होतं असं मात्र समजू नका. बसवाल्याला शिवी हासडण्यासाठी तोंड उघडायचं आणि पाठीला टेकलेलं ते काडीचं अंग जाणवून तसंच मिटायचं, याला काय यातना होतात ते त्यांचं त्यांना माहीत. "अय्यो, पोट फुगतं माझं," असं ते भवानीबाईला सांगायचे.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी पोरगं लाथा झाडायचं. मग सहा दिवस बरे. कधी नीट झोप झालेली नसायची, कधी मस्कतहून फोन यायचा आणि बाप दिवाळीला येत नाही असं कळायचं, की तो दिवस गेलाच. पण सप्टेंबर अखेरीपर्यंत तो कुणाला चावला नाही. एकदा हयग्रीवनं त्याची बाटली घेतली, तेव्हा त्यानं दोन्ही हात डोक्यावर घट्ट दाबले, चेहरा लालभडक झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण मारलं नाही. गंगाधररावांनी आरशात ते पाहिलं आणि त्यांचेही डोळे भरले. केवढं काम करत होतं ते एवढंसं पोरगं! घोडदळाच्या घरात अठ्ठावन्न वर्षांत कुणी केलं नव्हतं.

मग दसऱ्याची सुट्टी झाली. पंधरा दिवस घरात पाहुणे, खाण्याझोपण्याला काळवेळ नाही. सुट्टी संपून ऑटो निघाली त्या सकाळी सगळीच पोरं पेंगुळलेली आणि किरकिरी होती. गंगाधररावांचंही बिनसलेलंच होतं. आयुधपूजेला धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेल्या त्यांच्या ऑटोला कुवेंपुनगरच्या वळणावर एक स्कूटरवाला घासून गेला. हातभर लांब ओरखडा! वर तोच म्हणाला, "बघून चालव ना, म्हाताऱ्या!"

झालं. म्हाताऱ्या म्हणतो? गंगाधरराव उडी मारून उतरले. चार महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. कन्नड, हिंदी, मराठी, काही शिल्लक ठेवलं नाही. स्कूटरवाल्याची कॉलर धरली, हात उगारला. लोक जमले, लोकांनी सोडवलं. पाच-सात मिनिटं गेली असतील. ते परत वळले, आणि ऑटोतून वर्षिणीची किंकाळी आली.

तिच्या मनगटावर दातांचे ठसे उठले होते, एका जागी रक्त होतं. श्रीनिधी कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. काय झालं ते हयग्रीवनं सांगितलं. मामा ओरडायला लागले तसा श्रीनिधी घाबरला. दोन्ही हात डोक्यावर ठेवून आपलं आपणच ताळु ताळु म्हणत बसला. किती तरी वेळ बसला. वर्षिणीनं चेष्टेनं त्याचा हात खाली ओढला, तेव्हा तो चावला.

गंगाधररावांनी वर्षिणीचं मनगट धुतलं, आपला स्वच्छ रुमाल बांधला.

शनिवारी संध्याकाळी प्राणेशांच्या हॉलमध्ये पाचही घरची माणसं जमली. मधुमिता होती. अंबुजा दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसली होती, श्रीनिधी तिला चिकटून. तिनं नोकरीचा राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय, हे तिनं जिन्यात गंगाधररावांना सांगितलं होतं. वर्षिणी मनगटाची पट्टी सगळ्यांना दाखवत मजेत फिरत होती.

प्राणेश म्हणाले, "अंबुजाताई, तुमची अडचण मला समजते. पण जूनमध्ये मी सांगितलं होतं. आता मुलाला काढावं हे बरं."

अंबुजानं मान हलवली. ती उठणार तोच गंगाधरराव उभे राहिले. जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती त्यांनी. भवानीबाई इथं असती तर तिचा विश्वास बसला नसता.

"प्राणेश सर, त्या दिवशी दोघांचा तोल गेला," ते म्हणाले. "आधी माझा गेला. या पोराला मीच शिकवलं, राग आला की दम धर. तो धरून बसला होता. पाच वर्षांचं पोर, पाच मिनिटं धरून बसलं. मी पाच सेकंदही धरला नाही. रस्त्यात माणसाची कॉलर धरली, तुमच्या पोरांसमोर. ती सगळीच घाबरली होती. ओरखडा कशाचा, पत्र्याचा! काढायचं तर मला काढा. मी दुसरा ऑटोवाला बघून देतो. पण तो या पोराला घेईल असं बघा."

प्राणेशांनी चष्मा काढून पुसला. "राव, तुम्हाला काढायचा प्रश्नच नाही. पण पुन्हा होणार नाही याची हमी देता का?"

"पोराची हमी मी कशी देणार? त्याच्या डोक्यातलं अजून तयार होतंय, असं या मॅडम सांगतात. माझी देतो. पोरं ऑटोत असताना मी आवाज चढवणार नाही. चढवला, तर त्याच जागी किल्ली तुमच्या हातात."

प्राणेशांनी श्रीनिधीला जवळ बोलावलं. अंबुजानं त्याला पुढं ढकललं, हळूच म्हणाली, "सांग अंकलना, परत चावणार नाही म्हणून. सांग, राजा."

"काय रे," प्राणेशांनी विचारलं, "चावणार नाहीस ना परत?"

श्रीनिधीनं आईकडं पाहिलं. हो म्हणायचंय हे त्याला कळत होतं, सगळ्यांना दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, विचार केला.

"मला अजून नीत येत नाही," तो म्हणाला.

अंबुजानं डोळ्यांना पदर लावला. मधुमिता खिडकीबाहेर बघायला लागली. गंगाधरराव खाली बसले आणि त्या पोराला म्हणाले, "मलापण रे."

प्राणेशांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, वर्षिणीला हाक मारली आणि विचारलं, "सोमवारी याच्या शेजारी बसशील?"

वर्षिणीनं पट्टीकडं पाहिलं, मग श्रीनिधीकडं. "खिडकी माझी," ती म्हणाली.

"बरं," श्रीनिधी म्हणाला.